गल्लीचा पाईप

जयपुरात बनी पार्कच्या मागच्या अंगाला, स्टेशनच्या दिशेने, एक बंद गल्ली आहे. तिच्या तोंडाशी विजेचा खांब अशा बेताने उभा आहे की मोटारसायकल आत जाते, मोटार नाक खुपसून परत फिरते आणि पाण्याचा टँकर बाहेरच थांबतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी आजारी माणसाच्या आवाजासारखं येतं, म्हणून टँकर लागतो. टँकर आत येत नाही, म्हणून पाईप लागतो. हा पाईप गल्लीने वर्गणी काढून घेतलेला. निळा, चपटा, रिकामा असताना कमरपट्ट्यासारखा गुंडाळता येणारा आणि पाणी आलं की मांडीएवढा नसला तरी मनगटाएवढा फुगणारा. त्याचं एक टोक टँकरच्या पंपाला लावायचं, दुसरं टोक ज्याच्या घराची पाळी असेल त्याच्या जमिनीतल्या टाकीत सोडायचं. एवढंच काम. पण एवढ्याच कामासाठी गल्लीला एक पुढारी लागला आणि तो तिला तिसऱ्या घरात मिळाला.

प्रभाकरराव रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे वाईचे, पण निम्मी नोकरी जयपुरातच गेली आणि इथेच घर झालं. सार्वजनिक वस्तू सांभाळायला माणूस हवा असला की लोक नेमके अशाकडे बघतात, ज्याला स्वतःची वस्तू वापरायलाही जीव होत नाही. प्रभाकररावांच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. तेव्हा पाईप त्यांच्या ओट्यावर आला, लाकडी रिळावर गुंडाळला गेला, आणि त्यावर जुनी चादर पडली.

त्यांचा अभिमानाचा मुद्दा असा, की इतकी वर्षं झाली तरी गल्लीला नवा पाईप घ्यावा लागला नाही. शेजारच्या गल्लीने दोन बदलले. हे ते आल्यागेल्याला सांगत. कसं जमलं, तेही सांगत. असा पाईप फाटतो तो बहुधा जोडाजवळ, जिथे तो पितळी कपलिंगवर चढवलेला असतो आणि ओढाताणीत दुमडतो. प्रभाकरराव फाटलेली वीतभर कापून टाकत, उरलेला पाईप पुन्हा कपलिंगवर चढवत, वरून क्लिप आवळत. झाला नवा. कापलेला तुकडाही फेकत नसत. तो फ्रिजच्या पायाखाली जाई, फाटकाच्या बिजागरीत जाई, झोपाळ्याच्या कडीला गुंडाळला जाई.

पाईप वीतभर कमी झाला हे पहिल्या घराला कधी कळत नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसरं तर पाईपवाल्याचंच घर. कापलेली वीत सगळ्यांच्या नावावर पडते, आणि वसूल मात्र शेवटच्या घराकडून होते.

शेवटचं घर पंडितराव आणि कलावतीचं. तेही रेल्वेचेच, पण हिशेबातले नव्हेत, फलाटावरचे. गाडी उभी राहिली की डब्यांच्या टाक्यांत पाणी भरणारी जी टोळी असते, तिचे पंडितराव मुकादम होते. गाव अकोल्याकडचं. दारावर निळी पट्टी, समोरच्या खोलीत संगमरवरी बुद्धमूर्ती, इथल्याच मूर्तिकाराकडून घडवून घेतलेली. गल्लीत मराठी घरं दोनच. प्रभाकररावांच्या सुवर्णाबाई आणि कलावती रोज दुपारी कलावतीच्या पडवीत बसत, कारण तिथे सावली लवकर येई. एकीचं मराठी कृष्णाकाठचं, दुसरीचं वऱ्हाडी. एकमेकींच्या शब्दांना हसण्यातच अर्धी दुपार जाई. मुलखात असत्या तर या दोघी एका पडवीत बसल्या असत्या की नाही, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. जयपुरात तो मांडायची गरज पडली नाही, एवढं खरं. सुवर्णाबाईंना दिवसभरात मनातलं बोलायला तेवढा एकच तास होता. नवऱ्याशी त्या कामाचं बोलत.

या तासावर या उन्हाळ्यात संकट आलं.

कलावतीचा मुलगा संग्राम जयपुरातच, विद्याधर नगरात फ्लॅट घेऊन राहिला होता. आईवडिलांनी तिकडे यावं म्हणून तो वर्षभर मागे लागलेला. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, मुख्य म्हणजे चोवीस तास पाणी आहे. कलावती बधत नव्हती. "या घराच्या विटा मी मोजून घेतल्या," ती सुवर्णाबाईंना म्हणे, "आन् हा पोरगा मले म्हणते, लिफ्टमध्ये बस." बाकीच्या मुद्द्यांना तिच्याकडे उत्तर होतं. पाण्याच्या मुद्द्याला नव्हतं. कारण या चैत्रात पाईप तिच्या टाकीपर्यंत पोचेनासा झाला होता.

गेल्या उन्हाळ्यात तो ताणून का होईना पोचत होता. यंदा त्याने शेजारच्या घराच्या फाटकाशी हात टेकले. तिथून पुढे कलावती बादल्या भरून नेत होती, आणि कंबरेचा पट्टा बांधलेले पंडितराव टाकीचं झाकण उघडून उभे राहत होते.

पहिल्याच वेळी प्रभाकररावांनी हे पाहिलं. न पाहून करतात काय, पाईपचं टोक त्यांच्याच हातात होतं.

"वहिनी, जरा कमी पडतोय वाटतं."

"जरासा नाई भाऊ, चांगला पडवीभर कमी हाये."

"मी विषय मांडतो. बैठकीत."

"पाईपाले बैठक काऊन लागते?" पंडितराव टाकीवरून हसत म्हणाले. "त्याले तुकडा लागते. साहेब, मी आणतो ना. कपलिंग टाकून जोडून देतो, पंधरा मिनिटांचं काम."

रेल्वेत प्रभाकरराव साहेब होते आणि पंडितराव मुकादम. दोघांनाही निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी हा शब्द काही निवृत्त झाला नव्हता.

"तसं नाही पंडितराव. पाईप सार्वजनिक. त्याला तुम्ही खाजगी तुकडा जोडला, तर उद्या तो कुणाचा? फाटला तर कुणाचा फाटला?"

"आमच्या गाडीले अर्धे डबे एका डेपोचे, अर्धे दुसऱ्या. जोडले की पाणी सगळ्यांत जाये."

"ते वेगळं."

"असंल," पंडितराव म्हणाले, आणि बायकोच्या हातातली बादली घेतली.

प्रभाकरराव दुष्ट नव्हते. त्यांच्या मनात एक जुना काटा होता, तो एवढाच. कलावतीच्या मुलीचं, मयूरीचं लग्न होतं तेव्हा घरात पाहुणे दाटले होते, आणि प्रभाकररावांनी शेवटच्या घराला पाळीपेक्षा जास्त पाणी दिलं होतं. पहिल्या घरातले शेखावतजी तेव्हा मिशीवरून हात फिरवत म्हणाले होते, "बाबूजी, आज तो पानी महाराष्ट्र की तरफ़ बह रहा है!" सगळी गल्ली हसली. प्रभाकररावही हसले. पण हसणं त्यांनी खर्ची टाकलं आणि वाक्य जमेला धरलं. परमुलखातल्या माणसाला कुणी चोर म्हटलं तर तो भांडतो. कुणी पक्षपाती म्हटलं तर जन्मभर आपल्याच माणसांना जाच करून ते खोटं पाडतो. तेव्हापासून प्रभाकररावांनी ठरवलं होतं, की काहीही झालं तरी 'आपल्या' घरासाठी आपण पुढे व्हायचं नाही. दुसऱ्या कुणी विषय काढला तर ठीक.

आणि दुसरं कुणी काढणार कशाला? त्यांच्या टाक्या भरत होत्या.

बैठक लांबली. कधी शेखावतजी सीकरला लग्नाला गेलेले, कधी कुणाच्या घरी जागरण. कुणी नसलं तर बैठक कशी घ्यायची, आणि सगळे असले तर विषय काढायला धीर कसा करायचा? प्रभाकररावांनी दोन्ही अडचणींचा आळीपाळीने उपयोग केला. टँकर येत राहिला, पाईप फाटकाशी थांबत राहिला. मध्येच एकदा तो पुन्हा जोडाजवळ फाटला. प्रभाकररावांनी सवयीने सुरी घेतली, वीतभर कापला आणि क्लिप आवळली. त्या दिवसापासून बादल्यांची वाट आणखी एका पावलाने लांबली.

सुवर्णाबाई ओट्याच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"परत कापलात?"

"फाटला होता."

"कलावतीचं मनगट सुजलंय. काल पोळ्या लाटता येत नव्हत्या तिला. मी लाटून दिल्या."

"बैठकीत मांडणार आहे म्हटलं ना."

"अहो, ती निघून जाईल."

"पाण्यावरून कुणी घर सोडतं का?"

सुवर्णाबाई घरात गेल्या. थोड्या वेळाने फ्रिज कलता झाल्याचा आवाज आला. मग फाटक करकरलं. झोपाळ्याची कडी वाजली. प्रभाकरराव उठून अंगणात आले तेव्हा बायको उकिडवी बसून निळे तुकडे एकापुढे एक फरशीवर मांडत होती. घरभर लपवलेली सगळी काटकसर तिने बाहेर काढली होती. काही तुकड्यांवर गंज उतरला होता, एकावर अजून क्लिपचा वळ होता. रांग तुळशीपासून निघाली, वळली, आणि फाटकाबाहेर दोन हात गेली.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "हे तिचं पाणी. आपल्या फ्रिजखाली होतं."

प्रभाकररावांना पहिल्यांदा वाटलं की बोलावं, हे सार्वजनिक मालमत्तेतलं भंगार आहे, तिचं पाणी कसं? दुसऱ्यांदा वाटलं, काही बोलू नये. दुसरं वाटणं बरोबर होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मागाहून आलेलं वाटणं मंजूर केलं.

त्या संध्याकाळी ते स्वतः शेखावतजींच्या घरी गेले. बैठक नाही, नोटीस नाही, चपला घालून सरळ. शेखावतजी अंगणात खाटेवर बसून टरबूज खात होते. एक फोड प्रभाकररावांच्या हातात आली. ती हातात तशीच धरून त्यांनी सगळा मामला पहिल्यापासून मांडला. पाईप कसा, जोड कुठे, लांबी का घटली, शेवटच्या घराची अडचण काय, आणि हा प्रस्ताव आपण मांडतोय म्हणून त्याकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहू नये.

"तो लगवा दो ना टुकड़ा, बाबूजी. इसमें पूछना क्या है?"

"नहीं, मतलब... वो लोग भी मराठी हैं, हम भी. आप कहेंगे..."

"मैं क्या कहूँगा?"

प्रभाकररावांनी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. मयूरीचं लग्न, महाराष्ट्राकडे वाहणारं पाणी. शेखावतजींनी खूप आठवून पाहिलं. मग बी थुंकून म्हणाले, "मैंने कहा था? अच्छा मज़ाक है वैसे." आणि हसले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आतून त्यांची बायको म्हणाली, अहो, त्या म्हातारीला बादल्या वाहताना बघून मीच म्हणणार होते, पण म्हटलं पाईप बाबूजींकडे, त्यांच्याच गावची माणसं, त्यांच्यात काही बिनसलं असेल, आपण कशाला मध्ये पडा.

टरबुजाचं पाणी प्रभाकररावांच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं. ज्यांना घाबरून त्यांनी न्याय केला, ते त्या न्यायाला अन्यायच समजत होते.

सकाळी दुकानं उघडायच्या आधीच ते चांदपोलला जाऊन उभे राहिले. पाईपांच्या दुकानात हिरवे, काळे, निळे वेटोळे छताला टांगलेले. दुकानदाराने विचारलं, टँकरवर ओढायला की सोडायला? ओढायला हवा तर आत तारेचा वेढा असलेला लागतो, नाहीतर पंप ओढतो तेव्हा पाईप पिचकतो. सोडायला हवा तर चपटा चालतो. "सोडायला," प्रभाकरराव म्हणाले. "जास्त द्या. कमी पडता कामा नये." दुकानदाराने हाताने माप घेताना पाईप किंचित ताणला, तर हा माणूस, ज्याने जन्मभर दुकानदाराची वीत तपासली, गप्प राहिला. घेतला, कपलिंग घेतलं, क्लिपा घेतल्या, स्वतःच्या खिशातून.

घरी येऊन पंडितरावांना हाक मारायची त्यांना लाज वाटली. स्वतःच जोडायला बसले. रबरी वॉशर बसवून क्लिप आवळली. टँकर आला. नवा निळा आणि जुना विटका निळा असे दोन रंग गल्लीतून पुढे सरकत गेले. पंप सुरू झाला. पाईप तोंडापासून फुगत फुगत आला, जोडाशी क्षणभर अडला, मग पलीकडेही फुगला. शेवटच्या घराच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. प्रभाकरराव टोक धरून उभे होते. मागे सुवर्णाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू होतं. पाणी पोचलं, म्हणजे कलावती राहिली. हिशेब सरळ होता.

संग्राम आज विद्याधर नगरातून आला होता, आत आईशी बोलत होता. तो बाहेर आला, पाईपकडे बघितलं.

"आज आला का पाईप, काका?"

"हो रे. उशीर झाला जरा. सगळ्यांचा विचार घ्यावा लागतो. मी कुणाला कमी, कुणाला जास्त असं करत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे ना. तुम्ही सगळ्यांशी सारखे वागता." संग्रामचं मराठी म्हणजे हिंदी शाळेत शिकलेल्या मुलाचं, अडखळत येणारं, पण हे वाक्य अडखळलं नाही. "आमच्याशी थोडे ज़्यादाच सारखे."

"संग्राम," आतून कलावतीचा आवाज आला. "चूप बस."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. मनगटावर पट्टी होती. टाकीत वाकून तिने पाणी बघितलं. अर्ध्यावर आलं होतं.

"चांगला दाब हाये," ती म्हणाली.

"आता काही त्रास नाही वहिनी," प्रभाकरराव म्हणाले. "पुढची काही वर्षं बघायला नको. मी जास्तच घेतलाय."

"कवा आणला?"

"आज सकाळी. चांदपोलहून."

"आन् जोडला कवा?"

"हा आत्ताच. टँकर यायच्या आधी."

कलावतीने मान हलवली. पाणी चढत होतं. पंडितराव पडवीत खुर्चीवर बसून होते, आज त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"भाऊ, मी खरं सांगू का? आमी रविवारी चाललो. विद्याधर नगरले."

"अगं पण," सुवर्णाबाईच पुढे आल्या, "आता पाणी आलं ना!"

"म्हणूनच." कलावती त्यांच्याकडे न बघता टाकीकडे बघत बोलत होती. "पाणी नव्हतं तवा मी राहिली. हा पोरगा रोज फोन करे, मी म्हणे नाई. म्हटलं, भाऊंच्या मागं काही मोठी अडचण असंल. सामान मिळत नसंल, गल्ली आयकत नसंल. काही तरी मोठं असंल, त्याच्याशिवाय आपला माणूस असं करणार नाई. आता पाहिलं, येका सकाळचं काम होतं. टँकर यायच्या आधीचं." ती थांबली. "दर वेळेस टाकी भरली की मले हेच आठवलं असतं, का येवढंसं काम होतं. त्याच्यापेक्षा बादल्या बऱ्या होत्या."

प्रभाकररावांनी तोंड उघडलं. शेखावतजींचं वाक्य, मयूरीचं लग्न, जुना काटा, सगळं सांगावं असं त्यांना वाटलं. पण कालच ते सगळं एकदा मोठ्याने बोलून झालं होतं, आणि किती हलकं वाजतं ते त्यांनी ऐकलं होतं.

"माझं चुकलं, वहिनी," एवढंच ते म्हणाले.

"चुकलं असंल. पण काय चुकलं ते तुमाले अजून पुरतं सांगता येत नाई, आन् मले इचारवत नाई. राहू द्या." मग नेहमीच्या आवाजात, "टाकी भरली, बंद करा नाईतर वाहून जाईन."

टँकरवाल्याला ओरडून सांगेपर्यंत पाणी काठावरून सांडलंच. पडवीत आलं, सुवर्णाबाईंच्या पायाखालून गेलं. दोघी नेहमी बसत त्या जागी ओल पसरली. कुणी फडकं आणलं नाही.

रविवारी टेम्पोही टँकरसारखाच खांबाबाहेर उभा राहिला. सामान हातोहात नेलं गेलं. गल्लीतल्या पोरांनी, शेखावतजींच्या मुलाने, प्रभाकररावांनीही. बुद्धमूर्ती कलावतीने स्वतः गुंडाळली आणि कुणाच्या हातात दिली नाही. शेखावतजींच्या बायकोने तिच्या हातावर मिठाई ठेवली, म्हणाली आते रहना. कलावती म्हणाली हो, येऊ, तुम्हीही या, फ्लॅट बघून जा. तसंच दुसऱ्या घराला म्हणाली. सुवर्णाबाईंपाशी आली तेव्हा तिने त्यांचे दोन्ही हात धरले, त्या सुजलेल्या मनगटानेही घट्ट धरले, डोळे भरले दोघींचे. पण घरी या, असं ती म्हणाली नाही. सुवर्णाबाई त्याची वाट बघत होत्या, हे प्रभाकररावांना दिसलं. गल्लीत एवढा बारीक जमाखर्च बघणारा दुसरा कुणी नव्हता.

विद्याधर नगर काही परदेश नव्हे. बस जाते, रिक्षा जाते. प्रभाकररावांनी त्या आठवड्यात स्वतःहून दोनदा म्हटलं, चल, सोडतो तुला कलावतीकडे. सुवर्णाबाई म्हणाल्या, बघू.

दुपारी सावली शेवटच्या घराच्या पडवीत अजूनही लवकर येते. सुवर्णाबाई आता आपल्याच घरात बसतात, शेखावतजींच्या बायकोशी हिंदीत बोलतात, भाजीवाल्याशी हिंदीत बोलतात. त्यांचं मराठी नवऱ्यापुरतं उरलं आहे, आणि नवऱ्याला सांगण्यासारखं त्यांच्याजवळ फारसं काही नाही.